कुणबीण

मराठी राज्यात सरकारच्या अथवा खाजगी व्यक्तीच्या मालकीच्या स्त्री-गुलामास रूढ असलेली संज्ञा. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या मराठी कागदपत्रांत ती वारंवार आढळते. अमेरिका, वेस्ट इंडीज व मॉरिशस येथील गुलामगिरी मुख्यतः ऊस, कापूस, तंबाखू इ. पिकांच्या मोठ्या मळ्यांवर वाढली. महाराष्ट्रात तशा प्रकारचे मळे नव्हते. येथील गुलामगिरी वाडा, किल्ला, कोठी, पागा आणि सुखवस्तू घरांतील स्वयंपाकघर यांच्या आश्रयाने टिकली, व तिच्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचा भरणा अधिक होता. त्यामुळे तिची स्वतंत्र वास्तू अशी राहिली नाही आणि ती संपल्याचा दिवसही कोठे नोंदला गेला नाही. विद्यमान सातारा व सांगली हे जिल्हे म्हणजे छत्रपतींची राजधानी, पंतप्रतिनिधींची जहागीर आणि पटवर्धन सरदारांचा सरंजाम यांचा प्रदेश होय. या प्रथेचा अभ्यास करण्यास तो विशेष उपयुक्त आहे.

संज्ञा : ‘कुणबीण’ या शब्दाचा मूळ अर्थ कुणबी जातीची, म्हणजे शेतकरी स्त्री असा आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा मूळ अर्थ व स्त्री-गुलाम हा रूढ अर्थ, असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. शेतकरी स्त्रीचे नावच गुलाम स्त्रीचे नाव व्हावे, यावरून या स्त्रिया प्रायः कोणत्या थरातून येत याची कल्पना येते. कागदपत्रांत मात्र ही संज्ञा जातिवाचक राहिलेली नाही; इतर जातींच्या गुलाम स्त्रियांनाही ती लावलेली दिसते. बटीक, दासी, लौंडी हे तिचे पर्याय होत. त्यांपैकी ‘बटीक’ या शब्दास पुढे शिवीची कळा आली. पुरुष-गुलामास गुलाम वा पोरगा म्हणत. त्यांची संख्या तुलनेने कमी होती. कुणबिणीच्या अथवा रक्षेच्या पोटी झालेल्या संततीस लेकवळा (लेकावळा) असे नाव होते.

कुणबीण आणि वेठबिगार यांत फरक करणे आवश्यक आहे. वेठ ही वतन, जात किंवा गावाचे रहिवासीपण यांमुळे अंगावर येणारी सक्तीची सेवा होती. ती करणाऱ्यास घर, कुटुंब व गावातील हक्क असत. कुणबीण ही जंगम मालमत्तेप्रमाणे विकत घेता, विकता, बक्षीस देता किंवा वारसाहक्काने मिळविता येत असे. दोन्ही प्रकारच्या श्रमांत सक्ती होती. तथापि कुणबिणीच्या बाबतीत श्रमाबरोबर देहही मालकाच्या स्वाधीन होता.

शास्त्राधार : भारतात दास्य प्राचीन काळापासून ज्ञात होते. मनुस्मृतीत दासांचे सात व नारदस्मृतीत पंधरा प्रकार सांगितले आहेत. युद्धात पकडलेला, घरातील दासीच्या पोटी जन्मलेला, विकत घेतलेला, दान मिळालेला, दुष्काळात पोसलेला, ऋणामुळे दास झालेला, पणात हरलेला इ. प्रकारांचा त्यांत अंतर्भाव होतो. महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा टीकेत दास्याचा व दास्यमुक्तीचा विचार आलेला आहे. प्रत्यक्षात पेशवाईतील निर्णय बहुधा रूढी, सरकारची गरज व स्थानिक अधिकाऱ्यांची सोय यांवर अवलंबून असत. शास्त्रातील प्रकारांपैकी युद्ध, जन्म, खरेदी व दुष्काळ ही चार कारणे अठराव्या शतकातही कायम होती. त्यांत सरकारी शिक्षेमुळे येणाऱ्या दास्याची भर पडली.

शिवकाल : शिवाजी महाराजांच्या काळात गुलामांच्या व्यापारास प्रतिबंध करण्याचा प्रयत्न झाल्याचे दिसते. कर्नाटकाच्या स्वारीत १६७७ मध्ये त्यांनी डच कंपनीस जो कौल दिला, त्यात पूर्वीच्या मुसलमानी अंमलात डचांना असलेली स्त्रीपुरुष गुलाम खरेदी करून नेण्याची मोकळीक काढून घेतली. त्या काळी यूरोपीय कंपन्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून माणसे खरेदी करून आपल्या वसाहतींत धाडीत असत. सभासदाने आपल्या बखरीत लष्कराचे नियम देताना सैन्यात बायको, बटीक व कलावंतीण बरोबर नेण्यास मनाई होती, असे सांगितले आहे. या नियमांचा रोख परदेशी व्यापार व लष्करी शिस्त यांच्यावर होता. घरगुती दास्य त्यांमुळे नष्ट झाले नाही. छत्रपतींच्या व सरदारांच्या वाड्यांत दासी होत्याच. पुढील शतकात राज्याचा विस्तार झाला, तसे कुणबिणींचे उल्लेखही वाढत गेले.

पुरवठा : कुणबिणी मिळण्याचे मार्ग अनेक होते. पहिला मार्ग युद्धाचा. स्वारीत पाडाव झालेल्या किंवा पळ काढताना मागे राहिलेल्या स्त्रिया व मुले लष्कराबरोबर आणली जात आणि पुढे विकली जात. मिरज, तासगाव व सांगली या भागांतील पटवर्धनांचा सरंजाम कर्नाटकाच्या वाटेवर असल्यामुळे हैदर व टिपू यांच्याशी झालेल्या युद्धांतील फौजांची ये-जा याच प्रदेशातून होत असे. दुसरा मार्ग दुष्काळाचा. १७९१-९२ व १८०२–०४ यांसारख्या दुष्काळांत पोटाला अन्न मिळावे म्हणून आईबापांनी मुले विकल्याची व नवऱ्यांनी बायका विकल्याची उदाहरणे घडली. विकणाऱ्याच्या हाती थोडे पैसे पडत व विकल्या गेलेल्या मुलीचा जीव वाचे. मात्र सुकाळ आल्यावर ती परत येईल याची शाश्वती नसे. तिसरा मार्ग व्यापाराचा. बैलांचे तांडे घेऊन मुलूखभर फिरणारे लमाण व इतर व्यापारी अन्य मालाबरोबर माणसेही आणीत. अशा विक्रीवर जकात घेतली जात असे. यावरून हा व्यवहार गुप्त नव्हता व सरकारला त्यापासून उत्पन्न मिळत होते, हे स्पष्ट होते.

चौथा मार्ग शिक्षेचा असून तो मराठी राज्यपद्धतीच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहे. व्यभिचाराचा, म्हणजे तत्कालीन भाषेत ‘बदअमला’चा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीस सरकार कुणबीण करून किल्ल्यावर किंवा एखाद्या कारखान्यात धाडीत असे. त्याच गुन्ह्यातील पुरुषास बहुधा गुन्हेगारी, म्हणजे दंड भरून सुटता येई. स्त्रीच्या वतीने दंड भरण्यास नवरा अथवा माहेर तयार नसेल, तर तिच्यापुढे दुसरा मार्ग राहत नसे. विधवा, परित्यक्ता व निराधार स्त्रिया यांना हा धोका विशेष होता. जातिसंस्थेच्या नीतिनियमांचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य मानले जाई. त्या कर्तव्यपालनातून सरकारी कोठ्यांना विनामूल्य मजूर मिळत. या दोन हेतूंपैकी प्रत्येक प्रकरणी कोणता प्रबळ होता हे सांगणे कठीण असले, तरी दोन्ही परस्परांस पूरक होते यात शंका नाही. कुणबिणीची मुलेही मालकाचीच मानली जात, हा पुरवठ्याचा पाचवा मार्ग होय.

कामे व निर्वाह : सरकारी कुणबिणींची नेमणूक किल्ले, धान्याच्या कोठ्या, पागा, पीलखाना, उष्टरखाना, दारूखाना, मुदपाकखाना व इमारतींची कामे अशा ठिकाणी होई. दळण, कांडण, पाणी भरणे, झाडलोट, सारवण, शेणगोठा, वैरण आणणे, भांडी घासणे, चुना व माती वाहणे ही त्यांची नित्याची कामे. डोंगरी किल्ल्यावरील शिबंदीस रोज लागणारे पीठ जात्यावर दळावे लागे व पाणी टाक्यांतून काढून वर आणावे लागे. सातारा प्रांत हा किल्ल्यांचा प्रदेश असल्याने किल्ल्यांच्या व्यवस्थेत या श्रमाला मोठे स्थान होते. मराठ्यांच्या किल्ल्यांचा इतिहास लिहिताना हवालदार, सबनीस, कारखानीस, तटसरनोबत यांच्या कामांचे सविस्तर वर्णन केले जाते. शिबंदीचे पीठ कोण दळीत होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला आहे.

खाजगी मालकांत सरदार, कारकून, सावकार, पुरोहित व संपन्न पाटील-कुलकर्णी यांचा समावेश होतो. घरात एखादी कुणबीण असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानीत. सरकारकडून नोकरास कामगिरीबद्दल कुणबीण दिली जाई, आणि लग्नात मुलीबरोबर सासरी दासी धाडण्याची चाल मोठ्या घराण्यांत होती. सरकारी कुणबिणींस रोजचे धान्य व वर्षाची लुगडी-चोळी मिळत. त्यांचा हिशेब ठेवला जाई. आज आपणास त्यांच्याविषयी जे समजते ते बव्हंशी या हिशेबांमुळेच. कुणबिणीचे नाव, जात, वय, किंमत, कोणाकडून घेतली, कोठे पाठविली, मेली की पळाली, एवढा तपशील त्यांत आढळतो. तिचे स्वतःचे म्हणणे नोंदविण्याचे प्रयोजन हिशेबनिसास नव्हते.

किंमत वय, प्रकृती व कामाची उपयुक्तता यांनुसार ठरे. तरुण व सशक्त स्त्रीस अधिक भाव येई. पळून गेलेल्या कुणबिणीचा शोध घेऊन तिला मालकाच्या स्वाधीन करण्याविषयी अधिकाऱ्यांना पत्रे जात. दास्याविरुद्ध स्त्रियांनी केलेल्या प्रतिकाराचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे पलायनाचे हे उल्लेख होत. दास्य सुसह्य होते या मताशी ते जुळत नाहीत.

जात व शुद्धाशुद्ध : येथील गुलामगिरीचे एक वैशिष्ट्य असे, की गुलामाची जात विचारात घेतल्याखेरीज त्याचा उपयोग करता येत नसे. कुणबिणीने पाणी भरावयाचे, धान्य निवडावयाचे व दळावयाचे असल्याने तिच्या हातचे चालते की नाही हे पाहणे मालकास अगत्याचे वाटे. विकत घेतलेली कुणबीण अस्पृश्य जातीची असल्याचे मागाहून उघडकीस आल्यास त्या घराला व संसर्ग झालेल्या इतरांना प्रायश्चित्त घ्यावे लागे. जातीविषयी लबाडी करून विक्री करणे हा त्यामुळे गुन्हा ठरे. अमेरिकेत वर्णभेदाने स्वतंत्र मनुष्य व गुलाम यांच्यात रेषा आखली होती. महाराष्ट्रात जातिभेदाने गुलामांतही श्रेणी निर्माण केल्या आणि दास्यात गेलेल्या स्त्रीच्या मागे तिची जात राहिलीच.

सातारा दरबार : दासीच्या स्थितीत किती अंतर पडू शकत असे, हे छत्रपती शाहू (कार. १७०७–४९) यांच्या दरबारातील वीरूबाईच्या उदाहरणावरून कळते. शाहू औरंगजेबाच्या छावणीत बंदिवान असताना त्यांचे लग्न झाले. त्या वेळी वीरूबाई ही दासी त्यांच्या परिवारात आली. बादशहाने वधूस पाहण्याची इच्छा दर्शविली असता राणीऐवजी तिला पुढे करण्यात आले, अशी हकीकत सांगतात. सुटकेनंतर ती शाहूंबरोबर साताऱ्यास आली. वाड्याची अंतर्गत व्यवस्था तिच्या हाती होती व सकवारबाई आणि सगुणाबाई या राण्यांनाही तिचा मान ठेवावा लागे. अक्कलकोट संस्थानचा मूळपुरुष फत्तेसिंह भोसले याचा सांभाळ तिने पुत्रवत केला. १७४० मध्ये ती मरण पावली.

वीरूबाईच्या उदाहरणावरून दासींना मानाने वागवीत, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु तो योग्य नाही. तिचा अधिकार शाहूंच्या मर्जीवर आधारलेला होता व तो तिच्याबरोबर संपला. तिच्याच काळात साताऱ्याच्या परिसरातील किल्ल्यांवर व कोठ्यांत खपणाऱ्या कुणबिणींच्या स्थितीत त्यामुळे पालट झाला नाही. इतिहासात नावाने ओळखली जाणारी दासी ही अपवादात्मक होय. बाकीच्यांची नावे हिशेबापुरती उरली.

सुटका व संतती : दास्यातून सुटका होण्याचे काही मार्ग होते. मालकास पैसे किंवा बदली कुणबीण दिल्यास सुटका होई. म्हातारपणामुळे काम होईनासे झाले, आजार जडला किंवा नातेवाइकांनी अर्ज केला, तर सरकार सोडून देण्याचा हुकूम करी. धर्मकृत्याच्या निमित्तानेही दासी मुक्त करीत. यांपैकी पहिल्या प्रकारात एका स्त्रीच्या सुटकेसाठी दुसरी दास्यात जाई, आणि वृद्धापकाळी झालेली सुटका म्हणजे पुष्कळदा पोषणाच्या जबाबदारीतून मालकाचीच सुटका असे.

लेकवळ्यांस पित्याच्या घराण्यात दुय्यम स्थान मिळे. सरदारघराण्यांत त्यांना नेमणुका व क्वचित जमिनी मिळाल्या. लग्नसंबंध मात्र बहुधा आपसांतच करावे लागत. शूद्र पित्याच्या दासीपुत्रास मिळकतीत वाटा देण्याची तरतूद याज्ञवल्क्यस्मृतीत असल्याने, गुलामगिरी संपल्यानंतरही दासीपुत्र कोणास म्हणावे हा प्रश्न इंग्रजी न्यायालयांत चर्चिला गेला. ज्या काळात दास्याची आठवण समाज टाळू लागला होता, त्या काळात वारशाच्या दाव्यांनी ती कागदावर जिवंत ठेवली.

कायद्याने शेवट : ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार आणि १८३३ मध्ये बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी बंद केली. १८३३ च्या गुलामगिरी बंदीच्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. येथील दास्य कौटुंबिक व सौम्य स्वरूपाचे आहे, त्यात एकदम हात घातल्यास प्रतिष्ठित वर्ग दुखावेल, असे पुष्कळ इंग्रज अधिकाऱ्यांचे मत होते. विधी आयोगाने १८४१ मध्ये अहवाल सादर केल्यावर १८४३ चा पाचवा कायदा करण्यात आला. त्यातील तरतुदी चार होत्या : (१) सरकारी येण्यासाठी वा न्यायालयाच्या हुकुमाने कोणासही गुलाम म्हणून विकू नये; (२) मनुष्य गुलाम आहे या आधारावरील कोणताही हक्क न्यायालयाने मान्य करू नये; (३) गुलाम असल्याच्या सबबीवरून कोणाचीही मिळकत हिरावून घेऊ नये; (४) स्वतंत्र मनुष्याविरुद्ध जे कृत्य गुन्हा ठरते, ते गुलामाविरुद्ध केले तरी गुन्हाच समजावा.

या कायद्याने कोणासही मुक्त म्हणून घोषित केले नाही. मालकाचा हक्क न्यायालयात निरुपयोगी करणे, एवढेच त्याचे कार्य होते. मालकाला नुकसानभरपाई दिली गेली नाही आणि गुलामाला ही बातमी कळविण्याची तरतूदही नव्हती. गुलामांची खरेदी-विक्री हा फौजदारी अपराध १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेने ठरविला. शिवाय साताऱ्याचे राज्य १८४३ मध्ये कंपनीच्या थेट अंमलाखाली नव्हते. शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज १८४८ मध्ये निधन पावल्यावर ते खालसा झाले व तो प्रदेश मुंबई इलाख्याच्या कायद्यांखाली आला. सांगली, मिरज, जत, औंध व फलटण येथील अंतर्गत कारभार १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत संस्थानिकांकडे राहिला. तात्पर्य, आजच्या या दोन जिल्ह्यांच्या भूमीवर कुणबिणीची प्रथा एका दिवशी, एका कायद्याने संपली नाही. मालक विक्री करू शकेनासा झाला, नवी भरती थांबली आणि जुन्या कुणबिणी त्याच घरांत मोलकरणी म्हणून म्हाताऱ्या झाल्या.

सक्तीच्या श्रमाचे इतर प्रकार त्यानंतरही चालू राहिले. महारांच्या वतनी सेवेचे बंधन कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणाऱ्या १९५८ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने सुटले. वेठबिगारीस भारतीय संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बंदी केली आणि १९७६ च्या अधिनियमाने कर्जापोटी राबविण्याची पद्धत रद्द केली.

‘गुलामगिरी’ हा शब्द : मराठीत हा शब्द सामाजिक विचाराच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय जोतीराव फुले यांना जाते. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील कटगुण येथील, तर सावित्रीबाईंचा जन्म खंडाळा तालुक्यातील नायगाव येथला (१८३१). जोतीरावांनी गुलामगिरी (१८७३) हा आपला ग्रंथ अमेरिकेतील काळ्या गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील लोकांना आदरपूर्वक अर्पण केला. शूद्रातिशूद्रांची स्थिती व अमेरिकेतील गुलामांची स्थिती यांत त्यांना साम्य दिसले. ज्या कुणबी समाजाच्या मुक्तीचा त्यांनी विचार मांडला, त्याच समाजातील स्त्रीचे नाव त्यांच्या बालपणापर्यंत स्त्री-गुलामाचे नाव म्हणून चालत होते. त्यांची तुलना निव्वळ रूपकात्मक नव्हती, हे यावरून ध्यानात येते.

अवशेष व स्मृती : मळ्यांवरील गुलामगिरीचे अवशेष डोळ्यांना दिसतात. अमेरिकेच्या लुइझिअ‍ॅना राज्यात मिसिसिपी नदीकाठी १७५२ मध्ये स्थापन झालेला व पुढे उसासाठी प्रसिद्धीस आलेला व्हिटनी हा मळा २०१४ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. मालकाच्या हवेलीऐवजी गुलामांच्या जीवनास तेथे प्राधान्य असून त्यांची नावे शिळांवर कोरलेली आहेत. ती नावे विक्रीखते, वारसानोंदी व मालमत्तेच्या याद्या यांतून, म्हणजे मालकांच्याच हिशेबांतून गोळा करण्यात आली. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. तेथील उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या जागी करारबद्ध हिंदी मजूर नेण्यात आले. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांत रत्नागिरी जिल्ह्यातील लोक मुख्यत्वे होते. घाटावरील सातारा भागातूनही काही गेले. हे मजूर पोर्ट लुई येथे ज्या ठिकाणी उतरत, त्या आप्रवासी घाटाचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत २००६ मध्ये झाला. मजुरांची नोंदणीपुस्तके व छायाचित्रे जपलेली असल्याने त्यांच्या वंशजांना पूर्वजांचे गाव शोधता येते.

सातारा-सांगली भागात सक्तीच्या श्रमाच्या खुणा अगदीच नाहीत असे नव्हे. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वर येथे इंग्रजांनी चिनी व मलायी कैद्यांसाठी तुरुंग ठेवला होता. त्यांच्याकडून रस्त्यांची कामे व भाजीपाल्याची लागवड करून घेत. तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. तरी ‘चायनामन’ या नावाच्या धबधब्यामुळे कैद्यांच्या बागांची आठवण राहिली आहे. साताऱ्याजवळील माहुली येथे छत्रपती शाहूंच्या आवडत्या कुत्र्याचे दगडी स्मारक आहे. कुणबिणींच्या नावाने ओळखले जाणारे असे कोणतेही प्रसिद्ध स्थळ नाही. नायगाव येथील सावित्रीबाईंचे जन्मघर स्मारक म्हणून जतन केले असून, दास्याविरुद्धच्या विचाराशी नाते सांगणारी या भागातील ती प्रमुख वास्तू होय.

कुणबिणींचा इतिहास राहिला तो दप्तरांत. पुण्याचे पेशवे दप्तर हा त्याचा मुख्य साठा होय. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशीतील उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. त्यांत अशा नोंदी आहेत. मिरजेस राहून वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे कागद ऐतिहासिक लेखसंग्रहाच्या रूपाने १८९७ पासून प्रकाशित केले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी सातारा येथे जमविलेला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविण्यात आला. या संग्राहकांचे लक्ष राजकारण व लढाया यांच्याकडे अधिक होते. परंतु त्यांनी कागद जपले म्हणूनच हिरोशी फुकाझावा, सुमित गुहा इ. अभ्यासकांना मराठी राज्यातील गुलामगिरीचे स्वरूप पुढे आणता आले.

मराठ्यांच्या इतिहासातील किल्ले आज संरक्षित स्मारके म्हणून पाहिले जातात. त्यांवरील कोठ्या, अंबारखाने व पाण्याची टाकी यांचे अवशेष अनेक ठिकाणी शिल्लक आहेत. दप्तरातील नोंदी व हे अवशेष एकत्र वाचल्यास कुणबिणींच्या श्रमाचे स्थान निश्चित करता येते. मळ्याची हवेली जशी गुलामांच्या नावांवाचून अपुरी, तसाच किल्लाही त्यावर पाणी चढविणाऱ्या व दळण दळणाऱ्या स्त्रियांच्या नोंदीवाचून अपुरा राहतो.